ग्रुपने खाल्लेला उन्हाळा

आमच्या ईडन प्रेरीच्या मराठी ग्रुपचे किस्से मी सांगायचे नाहीत असं ठरवलं होतं. पण दर वीकेंडला एकाची भर पडते, आणि ऐकणारा हसतो तेव्हा माझं डोकं जास्तच फिरतं! अहो, मिनेसोटात अर्धं वर्ष बर्फ. उन्हाळा म्हणजे मोजके वीकेंड. सगळं शहर तेव्हा रस्त्यावर असतं: गाणी, मिरवणुका, तळ्याकाठी बाजार. आणि आम्ही? कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये.

या वर्षी माझी आई सोलापूरहून आली होती. आयुष्यभर जत्रांना गेलेली बाई. आल्या आल्या म्हणाली, "मला मॉल नको गं दाखवू. इथली माणसं मजा कशी करतात, ते दाखव." ऑगस्टअखेरचं परतीचं तिकीट होतं आणि पुन्हा एवढा प्रवास झेपणार नाही, हे तिलाही माहीत होतं, मलाही.

*

पहिला बेत तळ्याकाठच्या कॉन्सर्टचा. आमच्या ग्रुपचा स्वयंघोषित कॅप्टन शिरीष. त्याचा नियम एकच, सगळ्यांनी एकत्र निघायचं. म्हणून इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये जमलो. एकजण येईना. तो आला तर दुसऱ्याला आठवलं, आलोच आहोत तर कोथिंबीर घेऊ. मग सगळ्यांनीच कोथिंबीर घेतली.

पोचलो तेव्हा बँडवाले वायरी गुंडाळत होते. शिरीष खुर्ची उघडत म्हणाला, "बघ, आता गर्दी पण नाही!"

*

चार जुलैची, म्हणजे इथल्या स्वातंत्र्यदिनाची परेड. जागा मी शोधलेली, अगदी रस्त्यालगतची. पण शिरीषच्या बायकोने, मुग्धाने, पावभाजीचा भलामोठा तवा आणि गॅस आणला होता. तिला सावली हवी, म्हणून अख्खा ग्रुप मागे झाडाखाली हलला. बँडचा आवाज आला तशी आई उठली. मुग्धा म्हणाली, "काकू, बसा हो, गरम आहे तोवर खाऊन घ्या. परेड काय, चालूच राहते!"

चालू राहिली नाही. आम्ही हात धुऊन पोचलो तेव्हा घोड्यांच्या मागून साफसफाई करणारा माणूस तेवढा शिल्लक होता. मी रडायच्या बेतात. आई मात्र म्हणाली, "छान होता गं. मला हात करून गेला."

*

तुम्ही विचाराल, मग वेगळं का नाही गेलीस? विचारलं होतं की! माझा नवरा मंदार म्हणाला, "जाऊ दे ना यार, बर्फात गाडी अडकली की हेच लोक येतात." खरं आहे ते, म्हणूनच तर चरफडत बसावं लागतं. तरी एकदा धीर करून मी शिरीषला सांगितलं, या शनिवारी आम्ही दोघी जातो.

तो म्हणाला, "नाही नाही, जा ना तुम्ही. आम्ही काय, आहोतच." तासाभरात मुग्धाचा फोन, "काही चुकलं का गं आमचं?" शनिवारी आम्ही त्यांच्याकडे मिसळ खाल्ली.

*

तळ्यात पायडलच्या बोटी मिळतात. भाड्याने घेतल्या. लाइफ जॅकेटं चढवली. मग ग्रुप फोटो. मग फक्त बायकांचा. मग फक्त जॅकेटवाल्या पुरुषांचा, मग बोटी सरळ रेषेत हव्यात म्हणून पुन्हा सगळ्यांचा. तेवढ्यात बोटवाला आला, "तुमची वेळ संपली." आई धक्क्याला बांधलेल्या बोटीत बसली होती, पाय पायडलवर तयार ठेवून.

माझा संताप बघून शिरीष म्हणाला, "फोटोत कळतंय का कुणाला?"

*

शिरीषची मुलगी ईशा इथेच जन्मलेली, कॉलेजला निघालेली. ती एकदा बापाला म्हणाली, "डॅड, आय ग्रू अप राइट नेक्स्ट टू अ सिटी. आय हॅव ओन्ली सीन इट्स पार्किंग."

शिरीष अभिमानाने आमच्याकडे वळला, "पण फ्री पार्किंग!"

*

आईचा शेवटचा शनिवार. डाउनटाउनमध्ये मोठा स्ट्रीट फेस्टिवल होता. पण ग्रुपने त्याच दुपारी शिरीषच्या बेसमेंटमध्ये आईचा सेंडऑफ ठेवला, पॉटलक, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ घेऊन यायचं. मी भांडले. शिरीष म्हणाला, "काकूंसाठीच तर करतोय सगळं!"

आई म्हणाली, "तुम्ही पुढे व्हा, तयारी करा. मला शेजारची लिंडा सोडते म्हणाली." लिंडा रिटायर्ड बाई. दोघी रोज फिरायला जात, एक मराठीत बोले, एक इंग्लिशमध्ये.

आम्ही फुगे लावले. ढोकळे मांडले. 'हॅपी जर्नी काकू' लिहिलेला केक आला. काकूंचा पत्ता नाही. फोन उचलेना. मंदार घरी जाऊन बघून आला, कुलूप. मी पुन्हा फोन लावायला घेतला.

तेवढ्यात व्हिडिओ कॉल आला. मागे ढोल, माणसंच माणसं. आईच्या हातात भाजलेलं कणीस, पदर कमरेला खोचलेला, गालावर कुणीतरी फूल रंगवलेलं. बाजूला घामाघूम लिंडा, तिच्याही गालावर फूल.

"आई! अगं, आहेस कुठे?"

"डाउनटाउनला. बसने आलो. तुम्ही जेवून घ्या."

शिरीषने माझ्या हातून फोनच ओढला. "काकू, हे काय! आम्हाला सांगायचं ना! सगळे मिळून गेलो असतो!"

"म्हणूनच नाही सांगितलं रे बाबा," आई म्हणाली, आणि फोन ठेवला.