टाकीला द्यायचं पाणी

समोर नवं घर बांधणं चाललंय. संध्याकाळी गवंडी प्लास्टरवर पाइपनं पाणी मारतो, आणि ओल्या सिमेंटचा वास आला की मी थेट शिरूर अनंतपाळच्या आमच्या अंगणात जाऊन पोचते.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. आता नळ येतील, असं सगळे म्हणत होते. आमचा आड मात्र आटला होता. म्हणून अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पत्र्यावरचं पावसाचं पाणी साठवायला विटांची टाकी बांधली. पण नवं सिमेंटही पाणी मागतं. रोज भिजवलं नाही तर तडकतं. आई तांदूळ धुतलेलं, आंघोळीचं पाणी जपून तिच्यावर शिंपडायची. एकदा ती प्यायची घागरच घेऊन निघाली. अण्णांनी तिचा हात धरला.

"लेकरं काय पितील? राहू दे. आज लई ऊन न्हाई."

ऊन मरणाचं होतं.

पुढं पाऊस आला, टाकी अर्धी भरली. "हाय की पाणी!" अण्णा वाकून वाकून बघत होते. तेवढ्यात बाहेरच्या बाजूला ओल उमटली, आणि केसाएवढ्या भेगेतून पाणी वाहू लागलं. घागरी भरल्या, तांबे भरले, भांडी संपली. आई भेगेवर तळवा दाबून उभी राहिली.

"मी धरून राहिले, तुमी बघा कायतरी."

पाणी तिच्या बोटांमधून येतच राहिलं.

तेव्हा मला त्या टाकीचा राग आला होता. पण टाकीच्या वाट्याचं पाणी आम्ही लेकरंच प्यालो होतो.