निपाणीत फुटलेली फोकसची काच

आप्पा गेल्यावर बाहेरगावचं पहिलं काम आलं, तेव्हा मी नको नको म्हणत होते आणि आक्का पेटी भरत होती. आप्पा म्हणजे आमचे वडील. बेळगावच्या टिळकवाडीतला त्यांचा फोटो स्टुडिओ आम्ही दोघी बहिणी कसाबसा चालवत होतो. ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. निपाणीच्या एका घरातली मुलगी, सुनंदा, डॉक्टर होऊन लांब नोकरीला निघाली होती. त्याआधी तिच्या आजीला अख्ख्या घराचा फोटो हवा होता, तोही आप्पांच्या मोठ्या लाकडी कॅमेऱ्यावर.

आता तुम्ही बेळगावहून निपाणीला गाडीने झटक्यात पोचाल. तेव्हा लाल बस संकेश्वरला चहा-भज्यांसाठी निवांत थांबायची. कंडक्टरने कॅमेऱ्याच्या पेटीचंही अर्धं तिकीट फाडलं. पुढे तवंदी घाटात एका वळणावर जोरात ब्रेक लागला आणि वरच्या फळीवरची पेटी धाडकन खाली आली. नाजूक सामान मांडीवरच घ्यावं, हे मी तिथे शिकले.

सुनंदाच्या घरी पोचून पेटी उघडली तर फोकसची काच दुभंगलेली. या कॅमेऱ्याला मागे एका बाजूने घासलेली, धुरकट काच असते. काळ्या कापडाखाली डोकं घालून तिच्यावरचं उलटं चित्र स्पष्ट करायचं, मग तिच्या जागी फिल्म सरकवायची. काच नाही तर फोकस नाही.

अंगणात माणसं नवे कपडे घालून बसलेली. काचेचं दुकान बंद. सुनंदाची पुण्याची बस संध्याकाळी.

"परत जाऊया गं," मी म्हटलं.

"परत कवा जमतील ही सगळी?" आक्का म्हणाली. "एखादी साधी काच हाय काय घरात?"

सुनंदाने भिंतीवरची स्वतःच्या सर्टिफिकेटची फ्रेम उतरवली. "ही घ्या. सर्टिफिकेट काय पळून जात न्हाई."

स्टुडिओत फोटोंच्या फ्रेमाही आम्हीच करायचो, त्यामुळे काच कापायचा हिरा आक्काच्या पिशवीत असायचाच. शेजारच्या ट्रकवाल्याकडे इंजिनाचे व्हॉल्व्ह घासायची करकरीत पेस्ट मिळाली. आक्काने मापाची काच कापली. तिच्यावर पेस्ट लावून, उरलेला तुकडा वर धरून, पाणी शिंपडत, आम्ही आळीपाळीने घासत बसलो. दंड भरून आले. मध्ये आजीने स्वतःच्या हाताने भाकरी आणि झणझणीत रस्सा वाढला. तंबाखूच्या वखारीत जन्म घालवलेली ती बाई. बोटं अजून पिवळसर होती.

काच धुरकट झाली, पण खरी कसोटी पुढे होती. घासलेली बाजू लेन्सकडे हवी, आणि ती फिल्मच्या जागेवरच बसायला हवी. केसभर इकडेतिकडे झालं की चेहरे पुसट. आक्काने फिल्मच्या होल्डरची खोली आगकाडीने मोजली, काडीवर नखाने खूण केली, आणि काचेखाली कागदाच्या पट्ट्या सरकवत गेली. एक काढ, अर्धी घाल. शेवटी काडी खुणेवर टेकली.

ती कापडाखाली शिरली. फोकस पुढेमागे करत राहिली. मग आतूनच म्हणाली, "दिसाय लागलं."

"मला बी दाव की," आजी म्हणाली. आम्ही तिला स्टुलावर चढवलं. कापडाखालून हसू आलं, "आगं, सगळी उलटी टांगल्यात!" मग ती बाहेर येईचना.

"आज्जी, ये की आता," सुनंदाने हाक मारली.

"थांब जरा. सगळी एकदम कुठं बघाय मिळत्यात मला?"

उन्हं कलायला लागली, तरी कुणीच घाई केली नाही. मग आजी मधल्या खुर्चीत येऊन बसली आणि आक्काने फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत फिल्म धुतली. लुगड्याचे काठ, सुनंदाच्या चष्म्याची कडा, आजीच्या गालावरची सुरकुती न् सुरकुती स्वच्छ. मागचा एक काका तेवढा हलला होता. आक्काने फिल्म दोरीला अडकवली आणि बाहेर पायरीवर जाऊन बसली. आप्पा गेले तेव्हा ती रडली नव्हती. त्या सकाळी पोटभर रडली.

नंतर मी लांबलांबचे प्रवास केले, डोंगर-समुद्र पाहिले. पण मनात घर केलं ते या एका दिवसाच्या फेरीने. त्या सकाळी मी आक्काच्या शेजारी पायरीवर जाऊन बसले, तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं.

"आप्पा हाईत काय आत?"

आक्काने पदराने डोळे पुसले आणि उठून दार उघडलं. "आप्पा न्हाईत. मी हाय. या, बसा."