द्वारकाताईंची बेतवा

द्वारकाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी आमच्या अरेरा कॉलनीतल्या दवाखान्यात गुडघा दाखवायला बसले होते. त्यांचा भाचा श्रीकांत बोलत होता. "शालूमावशी, आत्या गेली. सकाळी चहा घेतला, पेपर वाचला आणि खुर्चीतच…" मी विचारलं, "पेपर पूर्ण वाचून झाला होता का?" तो गोंधळला. म्हणाला, "हो, घडी घालून ठेवला होता." मला बरं वाटलं. कुठलीही गोष्ट अर्ध्यात सोडलेली त्यांना चालायची नाही.

याला महिना होऊन गेला. या महिन्यात त्यांच्याविषयी जे जे ऐकलं, त्यातलं निम्मं मला पटलेलं नाही. कुणी त्यांना सोशिक म्हटलं, कुणी साधीभोळी. एका बाईंनी तर 'देवमाणूस' म्हणून डोळे पुसले. साठ वर्षं मी त्यांना जवळून पाहिलं. सोशिक तर त्या मुळीच नव्हत्या. म्हणून हे लिहायला बसले आहे.

राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूरची राजधानी गेली आणि आमच्यासारखी शेकडो मराठी माणसं फायलींच्या पेट्यांबरोबर भोपाळला आली. मी तेव्हा बावीस वर्षांची, नकाशांच्या एका सरकारी कचेरीत ट्रेसर. द्वारकाताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठ्या, त्याच टेबलावर, त्याच कामाला. सर्वेक्षणाची माणसं नदीनाले मोजून पेन्सिलीचे नकाशे आणायची, आम्ही त्यावर खळीचं निळसर कापड पसरून काळ्या शाईने रेघन् रेघ उतरवून घ्यायचो. कचेरी नवाबी काळातल्या एका जुन्या इमारतीत होती आणि आम्ही राहायचो पत्र्याच्या बराकीत. सगळे नागपूरकर नागपूरच्या आठवणी काढत, बदलीचे अर्ज लिहीत. द्वारकाताईंनी एकदाही अर्ज केला नाही. "नकाशा बदललाय," त्या म्हणायच्या, "आता नवा नकाशा शिकायचा."

लग्न त्यांनी केलं नव्हतं. का, ते कुणी विचारलं तर "वेळ झाला नाही" एवढंच उत्तर. पहिल्या वर्षात त्यांनी ड्राफ्ट्समनच्या जागेसाठी अर्ज केला. अक्षर आणि रेघ त्यांच्याइतकी स्वच्छ अख्ख्या कचेरीत कुणाची नव्हती. अर्ज परत आला, त्यावर शेरा होता: प्रत्यक्ष क्षेत्राचा अनुभव नाही. त्या साहेबांकडे गेल्या, म्हणाल्या, "मग पाठवा मला क्षेत्रावर." साहेब हसले. "बाई, तिथे तंबूत राहावं लागतं, नदीतून जावं लागतं. बायका जात नाहीत." द्वारकाताई जागेवर येऊन बसल्या, पेनात शाई भरली आणि समोरचं शीट पूर्ण केलं. बेतवा नदीचंच शीट होतं ते. संध्याकाळी घरी येताना म्हणाल्या, "शालू, दसरा झाला की मी बेतवेतून जाणार आहे. भोजपूरपासून भेलशापर्यंत. एकटी."

भेलशाचं नाव तेव्हा नुकतंच विदिशा झालं होतं, पण आमच्या तोंडी जुनंच होतं. मला वाटलं रागात बोलतायत. पुढच्याच रविवारी त्या मला तलावावर घेऊन गेल्या. तिथे रामकली म्हणून एक बाई शिंगाड्याची शेती करायची. शिंगाडे तोडायला एका माणसापुरती अरुंद, सपाट बुडाची लाकडी डोंगी वापरतात. ती डोंगी चालवायला द्वारकाताई तिच्याकडून शिकणार होत्या. नऊवारीचा काचा मारून त्या डोंगीत बसल्या आणि चौथ्या मिनिटाला पाण्यात पडल्या. रामकली काठावर पोट धरून हसली. मग कमरेइतक्या पाण्यात उतरली आणि डोंगी सरळ करत म्हणाली, "बाई, तुम डोंगी से डरती हो, सो वो भी घबराती है. उसको मत डराओ, वो तुमको नहीं गिराएगी." दोन महिने दर रविवारी सकाळी हा अभ्यास चालला. तळहातांना फोड आले, फुटले, घट्टे पडले. ट्रेसरचे हात मऊ असावे लागतात, म्हणून त्या रोज संध्याकाळी हातांना तेल चोळत बसायच्या.

निघायच्या आदल्या दिवशी मला राहवेना. मी म्हटलं, "मी पण येते. दोघी असलो तर धीर राहील." त्यांनी माझ्याकडे पाहिलं… त्या पाहण्यात माया होती, पण उत्तर ठरलेलं होतं. "नको. दोघी गेलो तर लोक म्हणतील, एकीनं दुसरीला सांभाळलं. कुणी सांभाळलं नाही तरी बाई जाऊन येते, एवढंच मला दाखवायचंय." रजा रीतसर मंजूर होती. बैलगाडीवर डोंगी घालून, बरोबर पोहे, सातूचं पीठ, गूळ, मेणकापड, कंदील आणि एक वही घेऊन त्या भोजपूरला गेल्या. रामकली गाडीबरोबर होती. परत येऊन ती मला म्हणाली, "गई. पीछे मुड़के देखा भी नहीं."

पुढचे पाच दिवस त्यांनी कसे काढले ते मला त्यांच्या वहीतून आणि नंतर वर्षानुवर्षं त्यांच्याच तोंडून कळलं. आश्विनातली बेतवा पाऊस संपून निवळलेली असते, पाणी हिरवं आणि तळाचे दगड दिसतील इतकं स्वच्छ. पहिल्या दिवशी त्यांनी मैल मोजले, वळणं मोजली, वहीत टिपणं केली. दुसऱ्या दिवशी टिपणं कमी झाली. दोन्ही काठांना सागाचं रान होतं, सागाला तुरे आले होते. दुपारी वाळूवर डोंगी ओढून त्या तीन दगडांची चूल मांडायच्या, संध्याकाळी मेणकापड झाडाला बांधून खाली अंथरूण टाकायच्या. "भीती वाटली नाही?" मी विचारलं होतं. "वाटली की. पहिल्या संध्याकाळी पलीकडच्या काठावर काहीतरी पाणी प्यायला आलं. काय होतं दिसलं नाही. मी जोरजोरात पाढे म्हटले, एकोणतीसपर्यंत. मग ते गेलं, की मला झोप लागली, देव जाणे." एवढं सांगून त्या खळखळून हसायच्या.

तिसऱ्या दिवशी मात्र नदीनं त्यांना पाडलं. खडकांच्या चिंचोळ्या वाटेत पाणी वेगानं खाली जात होतं. डोंगी आडवी झाली, दगडावर आपटली आणि उलटली. कंदील गेला, पिठाची पिशवी गेली. वही त्यांनी मेणकापडात गुंडाळून पोटाशी बांधली होती म्हणून वाचली. गुडघा फुटला होता. डोंगी पुढे खडकात अडकली होती, तिथवर पोहत जाऊन त्यांनी ती ओढून काढली. बुडाला चीर गेली होती, तीत त्यांनी लुगड्याचा पदर फाडून कोंबला. मग ओल्या अंगानं वल्हं मारत असताना त्यांना काठावर धूर दिसला.

तिथे गाव होतं. वीस-पंचवीस झोपड्या, गुरं, मक्याचं शेत, एक विहीर. बायका धावत खाली आल्या, एकीनं हळद लावून गुडघा बांधला, दुसरीनं मक्याची भाकरी आणि ताक पुढे ठेवलं. त्यांनी विचारलं, "कहाँ से आ रही हो, अकेली?" आणि ऐकून घेतल्यावर एक म्हातारी म्हणाली, "अच्छा किया. नदी सबकी है." द्वारकाताई भाकरी खाता खाता थांबल्या. कारण हे वळण त्यांना पाठ होतं. दोन-अडीच महिन्यांपूर्वी याच जागेवर त्यांनी सुंदर अक्षरात 'उजाड' अशा अर्थाचा शब्द लिहिला होता. खालच्या बाजूला बंधारा घालायचा प्रस्ताव होता आणि नकाशाप्रमाणे पाण्याखाली येणाऱ्या जमिनीत वस्तीच नव्हती. "तो शब्द मी माझ्या हातानं लिहिला होता, शालू," त्या मला सांगताना म्हणाल्या. "आणि त्यांच्या घरची भाकरी माझ्या हातात होती." त्या दिवशी त्या पुढे गेल्याच नाहीत. प्रत्येक घराच्या दारात जाऊन त्यांनी माणसांची नावं वहीत लिहून घेतली. गावाचं नाव मी इथे मुद्दाम देत नाही. ती माणसं अजून तिथे आहेत आणि त्यांना तमाशा नको आहे.

आता माझी गोष्ट सांगते, कारण ती लपवली तर हा लेख खोटा होईल. चौथ्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं. कुठून तरी त्यांच्या कानावर गेलं होतं. आवाज अगदी मायेचा होता. "तुमच्या मैत्रिणीचं काही बरंवाईट झालं तर जबाबदारी कुणाची? तुमचीच ना?" मी घाबरले आणि सगळं सांगून टाकलं. भोजपूर, डोंगी, भेलशाचा घाट… सगळं. पाचव्या दिवशी दुपारी त्या विदिशेच्या घाटाला लागल्या तेव्हा तिथे कचेरीची जीप आणि एक ओव्हरसिअर उभा होता. "बाई, साहेबांनी तुम्हाला सोडवून आणायला पाठवलंय." द्वारकाताई डोंगीतून उतरल्या, दोर बांधला, म्हणाल्या, "मी अडकले कुठे होते?" जीपमध्ये त्या बसल्या नाहीत. डोंगी मालगाडीनं पाठवायची व्यवस्था करून त्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून भोपाळला आल्या.

मी दारातच रडायला लागले. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सांगितलंस ते ठीक केलंस. भिऊन सांगितलंस, ते ठीक नाही केलंस." त्यानंतर या विषयावर त्या मला आयुष्यात कधी एक शब्द बोलल्या नाहीत. मी मात्र ते वाक्य रोज ऐकत राहिले.

रजा मंजूर असली तरी गाव सोडायला वेगळी परवानगी लागायची, ती त्यांनी घेतली नव्हती; दुसऱ्या दिवशी त्यांना विनापरवानगी मुख्यालय सोडल्याचा मेमो मिळाला. उत्तरात त्यांनी आपली चूक दोन ओळींत कबूल केली आणि पुढची चार पानं त्या गावावर लिहिली, नावांच्या यादीसकट. साहेबांनी चार पानं परत केली. "तुम्ही सर्वेक्षक नाही. तुमच्या सहलीवरून सरकारी नकाशा बदलत नसतो." आठवड्याभरानं बंधाऱ्याच्या नकाशाची नवी प्रत काढायची होती. शीट द्वारकाताईंपुढे आलं. त्यांनी ते नीट पसरलं, पाहिलं, गुंडाळलं आणि साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. "हे मी काढणार नाही. यात माणसं नाहीत." साहेबांचा चेहरा लाल झाला. त्यांनी शीट उचललं, चालत आले आणि माझ्या टेबलावर ठेवलं. "तुम्ही काढा. संध्याकाळपर्यंत."

मी पेन उचललं होतं, हे खरं आहे. शाईची बाटलीही उघडली होती. घरी माझ्या पगाराकडे डोळे लावून बसलेली आई होती. द्वारकाताईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही, त्या दुसऱ्या कामाला लागल्या होत्या. त्यांनी पाहिलं असतं तर कदाचित मी त्यांच्या भिडेखातर नाही म्हटलं असतं… पण त्यांनी ते माझ्यावर सोडलं. मी बाटलीला झाकण लावलं. मी उठून उभी राहिले आणि म्हटलं, "सर, मलाही जमणार नाही." आवाज फाटला होता, पण निघाला.

मला दप्तरखान्यात टाकलं. जुन्या फायलींच्या धुळीत मी वर्षभर खोकत होते. द्वारकाताईंचा अर्ज पुढे कित्येक वर्षं दर खेपेला परत आला आणि दर खेपेला त्यांनी तो नव्यानं केला. त्यांची चार पानंही त्या थांबवायच्या नाहीत. दर महिन्याला तीच पानं नव्या तारखेनं वर पाठवायच्या. हिवाळा संपता संपता एक सर्वेक्षक खरंच तिकडे गेला. नकाशा परत आला तेव्हा त्या वळणावर पेन्सिलीचे बारीक चौकोन होते. बंधारा पुढे तिथे झालाच नाही. आमच्यामुळे की आणखी कशामुळे, ते कुणी सांगितलं नाही. कागदावर द्वारकाताईंचं नाव कुठेही आलं नाही. शीट शाईनं काढायला मात्र त्यांच्याकडेच आलं. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्या दप्तरखान्यात येऊन माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "बावीस घरं, शालू. एकही सुटलं नाही." ड्राफ्ट्समन त्या झाल्या, पण केसात पांढरं आल्यावर.

गेल्या रविवारी श्रीकांतबरोबर बाग सेवनियातलं त्यांचं घर आवरायला गेले होते. दोन खोल्या, मोजकं सामान. स्वयंपाकघराच्या खिडकीला पांढरा, तलम पडदा होता. "केवढं मऊ आहे हो हे कापड! कुठलं?" त्यानं विचारलं. मी सांगितलं, ट्रेसिंगचं कापड आहे, बाद झालेल्या शीटांचं. गरम पाण्यात भिजवून खळ काढली की आत अशी मलमल निघते. आम्ही सगळ्या ट्रेसर बायका त्याचे रुमाल करायचो, द्वारकाताईंनी पडदा केला. उन्हात धरला की अजून कुठे कुठे रेघा दिसतात, धुऊन धुऊन फिकट झालेल्या. तो पडद्याला हात लावून उभा राहिला. चांगला मुलगा आहे, त्यानं त्यांचं सगळं मनापासून केलं. हळूच म्हणाला, "आत्या फार एकटी राहिली हो, मावशी."

"एकटी राहिली हे बरोबर," मी म्हटलं. "फार काढून टाक."

तो हसला, मग डोळे पुसले. त्याला मी पुस्तकांची खोकी घेऊन खाली पाठवलं. म्हणाला, "तुम्ही वर एकट्याच थांबता? गुडघा दुखतोय ना?" मी म्हटलं, "थांबते. तू सावकाश ये." तो गेल्यावर मी त्यांची खुर्ची खिडकीशी ओढली, स्टोव्ह पेटवला आणि माझ्यापुरता एक कप चहा टाकला.