तीन खड्ड्यांचा वाटा

चहा बशीत ओतून निववायचा, पण परत कपात घेऊनच प्यायचा. माणूस आला की आधी त्याच्या पायांकडे बघायचं, मग चेहऱ्याकडे. सापडलेला चेंडू सदऱ्यालाच पुसायचा. 'गोल्फ' न म्हणता 'आपलं मैदान' म्हणायचं.

झुंबरकाकांचं हे सगळं हेमांगीला आता एकदम आठवतं. एम. ए. मराठी झाल्यावर तिला नोकरी मिळाली ती बोईसरजवळच्या या सार्वजनिक गोल्फ मैदानाच्या तिकीटखिडकीवर. काका तिथले व्यवस्थापक. नगरकडून कारखान्यात आलेले, निवृत्तीनंतर इथे रमलेले.

नऊ खड्ड्यांचं तिकीट दोनशे रुपये होतं. साहेब लोक खेळायचे, गावातले कुंपणाबाहेरून बघायचे. मैदानाच्या समितीने बजावलं, दिवाळीपर्यंत गावातली माणसं आत आली नाहीत, तर मैदान खाजगी क्लबला देऊ. काकांनी दर निम्मा केला. तरी कुणी फिरकलं नाही.

शेवटी त्यांनी बाजारात मासळीवाल्या जिवलीलाच विचारलं.

"नऊ खड्डे एकदम?" ती हसली. "झुंबरभाऊ, मी अख्खी टोपली एकाच गिराइकाच्या गळ्यात मारते काय? वाटे लावते. ज्याला जेवडं झेपल तेवडं तो नेतो."

"अन् वर दोन मासे टाकतीस, ते गं?"

"ते नाय टाकले तर तुमी परत याल?"

काका मासे न घेताच परतले. दुसऱ्या दिवसापासून तीन खड्ड्यांचा वाटा, वीस रुपये. काठी मैदानाची. वर एक खड्डा फुकट.

"आता कोथिंबीर पण द्या," एक साहेब म्हणाले.

"देतो की. पिकवा तुम्ही."

आधी गावातला नवशा आला, चपला हातात घेऊन. मग त्याचे मित्र. मग जिवली, तिच्या जावेला घेऊन. पहिला चेंडू झाडीत गेला तेव्हा दोघी गवतात बसून हसल्या. त्या संध्याकाळी काका उगाच कुंपणाला फेऱ्या मारत राहिले. दिवाळीनंतर समितीने मैदान गावाकडेच ठेवलं.

एका शनिवारी खेळून जाताना जिवलीने विचारलं, "एक वाटा आमी दोघींत घेतला तर चालल? काठी एकच पुरं."

"चालल. दराच्या फळ्यावरच लिहितो," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी, रविवारी पहाटे, काका झोपेतच वारले.

हेमांगी सोमवारी खिडकी उघडायला आली. फळा भिंतीला टेकवलेला होता. शेजारी रंगाचा डबा, झाकण नीट लावलेलं. पहिली ओळ तीन खड्ड्यांच्या वाट्याची. तिच्याखाली काकांचं तिरपं अक्षर: 'जावाजावा मिळून एक वाटा'. पुढे रुपयाची खूण काढलेली. आकडा लिहायचा राहिला होता.