शांततेचे पैसे

“किती निवांत आयुष्य हो तुमचं!” असं गावाकडच्या कुणाला तुम्ही कधी म्हणाला आहात का? खरं सांगा. म्हणाला असाल, तर ज्या काकूला हे रोज ऐकावं लागायचं तिचं काय झालं तेही ऐकून घ्या.

काकू लग्न होऊन आली तेव्हा या जागेला नुसतं शेत म्हणत. ‘निसर्गरम्य’ वगैरे म्हणायला उसंत कुणाला होती? पुढे नवरा गेला, गुडघे गेले, आणि पुतण्याने शेतात शहरातल्या पाहुण्यांसाठी भाड्याच्या खोल्या बांधल्या. फाटकावर पाटी लावली: ‘शांत. निवांत. साधं जगणं.’ साधं जगणं दाखवायला एक म्हातारी आणि एक गाय हवी होती. बाहेर शोधायची गरज पडली नाही, दोघी घरच्याच होत्या.

गाय मात्र काकूची स्वतःची. तांबू. पाजून, खाजवून वाढवलेली. पुतण्याने काम ठरवून दिलं: उजाडायच्या आत अंगण झाडायचं, चादरी धुवायच्या, आणि पाहुणे उठले की हसऱ्या तोंडानं धार काढून दाखवायची. गोठ्यात शेण दिसता कामा नये.

“तांबूला तूच समजावून सांग तसं,” काकू म्हणाली. पुतण्या हसला नाही.

एकदा बाजेवर चहा पीत बसलेल्या बाई म्हणाल्या, “मावशी, किती निवांत आयुष्य तुमचं!” काकूच्या दोन्ही हातांत ओल्या चादरींच्या बादल्या. “हो ना ताई. इतका निवांतपणा, की बसायला फुरसत मिळत नाही.” बाई खळखळून हसल्या. गावची माणसं किती विनोदी असतात, असंही म्हणाल्या.

मग तांबूच्या वासरानं एका पाहुण्याचा टॉवेल चघळला. काकू गुडघा दाखवायला दवाखान्यात गेलेली. तेवढ्यात पुतण्यानं वासरू व्यापाऱ्याला विकून टाकलं. काकूला विचारलंसुद्धा नाही.

संध्याकाळपासून तांबू जी हंबरायला लागली, ती दुसऱ्या दिवशीची दुपार झाली तरी थांबेना. वैरणीला तोंड लावेना. काकू तिच्या मानेखाली खाजवत बसली, पण हात थकला तरी हंबरणं चालूच. कोपऱ्यातल्या खोलीतला पाहुणा तावातावानं बाहेर आला.

“आम्ही शांततेचे पैसे दिलेत! पाटीवर लिहिलंय ना?”

पुतण्या धावत गोठ्यात आला. “काकू, तिला गप्प कर.”

“वासरू आण, होईल गप्प.”

“वासरू विसर आता. उद्या व्यापारी येऊन हिलाही नेईल. मी बोललोय त्याच्याशी.”

काकू गुडघ्यावर हात टेकून उठली. याला तिनं कडेवर खेळवलं होतं. “लहानपणी तू जत्रेच्या गर्दीत हरवलास ना, तेव्हा तुझ्या आईनं अख्खी जत्रा डोक्यावर घेतली होती. तिला कुणी पाटी दाखवली नाही रे.”

“माणसांचं वेगळं, काकू. या पाटीवरच खोल्या भरतात.”

“मग पाटीलाच बांध खुंट्याला,” काकू म्हणाली आणि तिनं दावं सोडलं.

व्यापाऱ्याचा गुरं कोंडायचा वाडगा लांब होता. काकू दोनदा रस्त्याच्या कडेला बसली, तांबू मात्र तिला ओढत होती. वळणावर तांबू हंबरली आणि आतून बारीक आवाजात उत्तर आलं. व्यापारी म्हणाला, “पैसे मोजलेत मी, मावशी.” काकू म्हणाली, “ज्याला मोजलेस त्याच्याकडून परत घे. चोरीचा माल होता. चल, सरक.” तिचा अवतार बघून तो सरकला.

आता काकू बहिणीच्या परसात तांबू आणि वासरासकट राहते. गुडघे तसेच, गवताचे भारे तसेच. निवांतपणा अजून भेटायचाय. पुतण्यानं फाटकाशी प्लास्टिकची गाय उभी केली आहे, खरीपेक्षा गोरी. ती शेण टाकत नाही, हंबरत नाही. पाहुणे तिच्या गळ्यात हात टाकून फोटो काढतात.

तेव्हा पुढच्या वेळी अशी खोली घ्याल, तर पैसे द्यायच्या आधी मालकाला एवढं विचारा: “तुमची गाय हंबरते का?” आणि तो छातीठोकपणे “छे छे, अजिबात नाही” म्हणाला, तर कृपा करून तिथे राहू नका.