वांग्यातले झिंगे

संघमित्रा गजभिये जर्मनीला शिकायला निघाली तेव्हा बालाघाटच्या तिच्या वॉर्डातल्या बायांना एकच चिंता होती. "तिथं खाशील काय वो?" बाप टिकाराम भरवेलीच्या मँगनीज खाणीत होता आणि पोरगी खाणींचंच शिकायला चालली होती, याचं कौतुक नंतर. आई अनुसयानं बॅगेत चिन्नोर तांदूळ, घरचं तिखट, जवसाची चटणी असं सगळं कोंबलं. सुक्या झिंग्यांची पिशवीही ठेवली. ती मात्र संघमित्रानं स्वतःच काढून ठेवली.

"राहू दे आई. विमानात वास येईल."

आईनं पिशवी परत डब्यात ठेवली.

जर्मनीतलं ते गाव लहानसं, जुन्या खाणींचं. वसतिगृहाच्या एका मजल्यावर चार खोल्या आणि स्वयंपाकघर एकच. तिथं पुण्याचा विवेक आधीपासून राहत होता. माणूस मदतीला तत्पर. तिला घ्यायला स्टेशनवर आला, बँकेत, विद्यापीठात सोबत फिरला. पहिल्या संध्याकाळी त्यानं वरणभात करून वाढला आणि म्हणाला, "मी, अंजू आणि तू, आपण तिघं आपल्याकडचे. म्हणून किचन व्हेज ठेवलंय. चालेल ना?"

जबलपूरच्या अंजूनं मान डोलावली. संघमित्रा प्रवासानं पार गळून गेली होती आणि समोर वाफाळता भात होता.

"हौ," ती म्हणाली.

"हौ!" विवेक हसला. "किती गोड बोलतेस गं. आणि गजभिये म्हणजे नक्की कुठले तुम्ही?"

"बालाघाटचे," ती म्हणाली. त्याला गाव विचारायचं नव्हतं, हे तिलाही कळलं.

हिवाळा लागला. दुपारीच अंधारायचं. संघमित्रा वरण खायची, बटाटे खायची, ब्रेडला जवसाची चटणी लावून खायची, आणि तरी जेवली असं वाटायचं नाही. चौथ्या खोलीतला जर्मन लुकास मात्र रोज सकाळी डुकराचं मांस तव्यावर टाकायचा. चरबीचा धूर थेट तिच्या खोलीत यायचा. विवेक तिथंच उभा राहून त्याच्याशी फुटबॉलच्या गप्पा मारत चहा करायचा.

एका शनिवारी स्टेशनमागे तिला एका व्हिएतनामी बाईचं दुकान सापडलं. कोथिंबीर घ्यायला म्हणून आत गेली आणि दारातच थबकली. तो वास! किरनापूरच्या आठवडी बाजारात सुकटीवाल्या बाया बसतात, त्या ओळीतून जाताना येतो तोच. वासामागं जात ती मागच्या फळीपाशी पोचली. पिशव्यांमध्ये सुके झिंगे होते. तिनं पिशवी नाकाशी धरली तेव्हा दुकानवाली खुदकन हसली. दोघींची भाषा एक नव्हती. बाईनं हातानंच विचारलं, शिजवतेस? संघमित्रानं जोरात मान हलवली.

घरी येऊन तिनं झिंगे कोरडे भाजले, चोळून धुतले, लसणावर वांगं परतलं. चिन्नोर शिजायला लागला. खूप दिवसांनी तिच्या तोंडाला पाणी सुटलं होतं.

दार उघडून विवेक आला. नाकावर रुमाल.

"हे काय आहे? आपलं ठरलं होतं ना?"

"ठरलं होतं. माहं चुकलं. मी हौ म्हणायले नको पाहिजे होतं."

"अगं, खा ना तू, मी कुठं नाही म्हणतो? आम्ही नसू तेव्हा कर. मागच्या बाल्कनीत शेगडी ठेवू. भांडी वेगळी घे, म्हणजे प्रश्नच नाही."

तो खरंच समजुतीनं बोलत होता. हेच तिला जास्त झोंबलं. ती बाल्कनीत गेली आणि आईला फोन लावला.

आईनं सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, "कायले भांडण घेतं बाई? पोरगा चांगला आहे म्हणतं न. बाहेर पकव."

"तू बाहेर पकवत होती काय?"

संघमित्रा शाळेत होती तेव्हा ते शहरात भाड्याच्या खोलीत राहायचे. झिंगे करायचे असले की आई दार-खिडकी लावून घ्यायची आणि चुलीशेजारी उदबत्त्यांचा जुडगा पेटवायची. धुरानं सगळ्यांचे डोळे चुरचुरायचे. तरी मालकिणीला कळलंच, आणि महिन्याच्या आत त्यांना सामान उचलावं लागलं.

"मी उदबत्ती नाही लावणार, आई."

तिकडे फोन बापानं घेतला. "पोरी, खिडकी सताड उघड. जाऊ दे वास अख्ख्या जर्मनीत."

ती आत आली तेव्हा विवेक अजून उभाच होता. अंजूही आली होती. संघमित्रानं खिडकी उघडली, गार वारा आत आला.

"लुकास रोज डुक्कर तळते. त्याले कधी बाल्कनी दाखवली काय तुम्ही?"

"तो परका आहे गं. त्यांचा देश आहे. तू तर आपली आहेस."

"आपली आहो म्हणून मलेच बाहेर काढता? मंग परकीच बरी मी. त्याले जेवढी जागा, तेवढी मले."

विवेकचा चेहरा पडला. "मी जात वगैरे मानत नाही, संघमित्रा."

"मी जातीचं नावही नाही घेतलं. तुम्हीच घेतलं."

तो रुमाल नाकावर तसाच धरून निघून गेला. अंजू घुटमळली. "स्मेल तो सच में बहुत है यार," ती म्हणाली.

"है. खिड़की खुली है," संघमित्रा म्हणाली. "बैठना है तो बैठ."

अंजू बसली नाही. पण त्या दिवसानंतर तिनं कधी तोंडही वाकडं केलं नाही. वास आला की उठून खिडकी उघडायची, बस. संघमित्रानं त्या दुपारी एकटीनंच, हातानं, भात कालवून पोटभर खाल्लं. बोटं तिखटानं लाल झाली.

पुढं दर रविवारी झिंगे होऊ लागले. लुकासनं एकदा चाखले, खोकून खोकून बेजार झाला आणि पुन्हा वाढून घेतले. विवेकनं वसतिगृह सांभाळणाऱ्या बाईंकडे तक्रार नेली. स्वयंपाकघर स्वयंपाकासाठीच असतं, एवढं उत्तर घेऊन तो परतला. मग त्यानं खोलीतच इंडक्शन आणलं, आणि उन्हाळ्याआधी दुसऱ्या मजल्यावर खोली मिळवली.

सामान नेताना तो दारात थांबला. "एवढ्याशा सुकटीसाठी इतकी चांगली ओळख तोडलीस तू."

तिनं कढईवर झाकण ठेवलं, हात पुसला आणि त्याच्याकडे नीट पाहिलं.

"एवढीशीच गोष्ट होती, तर तुम्हीच सोडून द्यायची होती न, दादा."