उन्हाच्या बाजूची जागा

लग्न होऊन मी सावद्याला आले तेव्हा माझं बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष राहिलं होतं. सासऱ्यांची अट होती: पहिल्या झटक्यात पास झालीस तर ठीक, नाहीतर कॉलेज बंद. प्रात्यक्षिकाला एक जिवंत नमुना प्राणवायू सोडताना दाखवायचा होता. मी केळीच्या बागेतल्या हौदातलं निळसर-हिरवं, बुळबुळीत शेवाळ खरवडलं, पाणी भरलेल्या बाटलीत घातलं आणि गच्चीवर ठेवलं. दुपारपर्यंत त्यावर बारीक बुडबुडे धरले. मी कोण हरखले!

परीक्षेच्या तोंडावर बाटली गायब. शोधते तर माठांच्या मागे, ओल्या पोत्यात गुंडाळलेली, आणि आत बुडबुडा औषधालाही नाही. हे काम सासूबाईंचं. त्यांना घरात सगळे अक्का म्हणत; माहेर धुळ्याकडचं, बोली पक्की अहिराणी.

“उनमा मरी जाई ना ते,” अक्का म्हणाल्या. “जीव शे त्यामा.”

आमच्याकडे चैत्र लागला की रोप, वासरू, तान्हं मूल, जे जे जिवंत ते सावलीत हलवतात. त्यांचं काय चुकलं? पण तेव्हा माझं डोकं फिरलं होतं. मी रडतरडतच त्यांना सांगितलं, की हे उन्हावरच जगतं. ऊन पडलं की इलेक्ट्रॉन नावाचे, डोळ्यांना न दिसणारे कण याच्या आत हातोहात पुढे जातात, विहिरीच्या कामावर घमेली जातात तशी. पहिला हात रिकामा झाला की तो पाण्यातून नवा कण ओढतो. त्यात पाणी फुटतं, आणि त्यातला प्राणवायू बुडबुडा होऊन बाहेर पडतो. अंधारात ती रांगच थांबते.

“पानी फुटस, अन् आपले वारा भेटस?” अक्का बाटलीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी स्वतःच ती गच्चीवर नेऊन ठेवली.

परीक्षेला त्या माझ्याबरोबर जळगावला निघाल्या. एस.टी.त सगळे सावलीच्या बाजूला दाटीवाटीनं बसले होते.

“भाऊ, माले उनना बाजूले बसू दे,” त्यांनी कंडक्टरला सांगितलं. तो हसला. त्यांनी पदराचं टोक भिजवून बाटलीच्या बुडाशी गुंडाळलं, वरचा भाग उघडा ठेवला आणि बाटली खिडकीत धरली. मी घेते म्हटलं तर मला पुस्तक उघडायला लावलं.

परीक्षकांसमोर बाटली ठेवली तेव्हा शेवाळ बुडबुड्यांनी भरून वर तरंगत होतं. त्यांनी ती उजेडाकडे धरून पाहिली आणि मान डोलावली.

बाहेर अक्का पायरीवर बसल्या होत्या. खिडकीकडचा हात कोपरापर्यंत लालभडक झाला होता. बांगड्यांखाली तेवढी कातडी जुन्या रंगाची राहिली होती. मी त्या हाताला हात लावणार, तोच त्यांनी तो पदराआड घेतला.

“ते राहू दे,” त्या म्हणाल्या. “बुडबुडा दिखनात का?”